हातातलं एक्स-रे मशीन: धरायचं कुणी आणि कुठे

प्रश्न: ताई नमस्कार. मी इचलकरंजीत एका डेंटल क्लिनिकमध्ये असिस्टंट आहे. आमच्याकडे आधी भिंतीवरचं एक्स-रे मशीन होतं, ते बिघडलं आणि सरांनी त्याच्या जागी हातात धरायचं छोटं मशीन आणलं, दिसायला अगदी कॅमेऱ्यासारखं. ऑनलाइन मागवलंय, स्वस्तात पडलं म्हणाले. आता आरसीटीचे (रूट कॅनॉलचे), कॅपचे सगळे एक्स-रे मीच काढते, दिवसाला दहा-बारा तरी होतात. एप्रन एकच आहे, तो पेशंटला घालतो. सर म्हणतात यात रेडिएशन नसल्यात जमा आहे आणि अमेरिकेत तर आता एप्रनपण काढून टाकला. माझं लग्न होऊन वर्ष होईल, घरी बाळाचा विचार चाललाय आणि सासूबाई म्हणतात नोकरी सोड. मशीन चार्जिंगला लावतो त्याच टेबलावर आम्ही डबा खातो, त्याचं काही होतं का? मिस्टर म्हणतात रक्त तपासून घे, किती रेडिएशन गेलंय ते कळेल. खरं काय ते सांगा. – एक असिस्टंट, इचलकरंजी

उत्तर: अगं आधी डब्याचं सांगते कारण ते लगेच संपतं. एक्स-रे मशीनमध्ये किरणोत्सारी असं काही भरलेलं नसतं, बटण दाबलं की आतल्या ट्यूबला वीज मिळते आणि तेवढ्या सेकंदाच्या काही भागापुरते किरण निघतात, बोट काढलं की संपलं. टेबलावर काही सांडत नाही, भिंतीत मुरत नाही, चपातीला तर मुळीच लागत नाही. खुशाल जेवा. (इम्प्रेशनचे ट्रे जिथे ठेवता त्या टेबलावर मात्र जेवू नका, पण तो विषय वेगळा.)

आता सरांचं "नसल्यात जमा". हे अर्धं खरं आहे आणि अर्ध्या खऱ्याचाच जास्त घोळ होतो. दाताच्या एका छोट्या डिजिटल एक्स-रेचा पेशंटला मिळणारा डोस साधारण पाच मायक्रोसिव्हर्टच्या आसपास धरतात, कमीजास्त होतो (सिव्हर्ट हे रेडिएशनच्या डोसचं माप, हजार मायक्रो म्हणजे एक मिलि). आपल्याला जमिनीतून, हवेतून, आकाशातून, खाण्यातून वर्षभरात जे नैसर्गिक रेडिएशन मिळतं त्याची जगाची सरासरी २.४ मिलिसिव्हर्ट आहे, म्हणजे दिवसाला साडेसहा मायक्रोसिव्हर्ट. म्हणजे पेशंटला एका एक्स-रेत जेवढं जातं ते एक दिवस नुसतं जगण्यात मिळतं तेवढंच. पेशंटच्या बाबतीत सर बरोबर आहेत, गरज असेल तर एक्स-रेला कुणी घाबरू नये. पण पेशंट वर्षाकाठी दोन-चार एक्स-रे काढून घरी जातो आणि तू तिथेच असतेस, दिवसाला दहा-बारा म्हणजे वर्षाला तीनेक हजार. तुझ्यावर थेट किरण येत नाहीत, पेशंटच्या गालावरून, हाडावरून उसळून परत येतात ते येतात, ते प्रत्येक वेळी फारच थोडे असतात, पण तीन हजार वेळा कुठे आणि कशी उभी राहतेस यावर सगळं ठरतं.

भिंतीवरच्या मशीनमध्ये तुझं संरक्षण काय होतं? अंतर. लांब वायरचं बटण घेऊन तू दोन मीटर मागे, जमलं तर दाराआड जायचीस. या किरणांचा हिशेब असा की अंतर दुप्पट केलं की मारा चौथाई होतो, म्हणजे अर्ध्या मीटरवरून दोन मीटरवर गेलीस की सोळावा हिस्सा उरला. यात खर्च शून्य, फक्त चार पावलं. हातातलं मशीन ती चार पावलंच काढून घेतं. मग त्याच्या बदल्यात काहीतरी द्यायला पाहिजे की नाही? चांगल्या मशीनमध्ये ते दिलेलं असतं. एक म्हणजे आत ट्यूबभोवती शिशाचं किंवा तसल्याच जड धातूचं कवच, म्हणजे मशीनच्या अंगातून तुझ्या बोटांकडे काही झिरपू नये. आणि दुसरं, कोनच्या, म्हणजे मशीनच्या पुढच्या नळीच्या, टोकाशी एक गोल पारदर्शक चकती, बशीएवढी, दिसायला साधं प्लॅस्टिक पण त्यात शिसं असतं. पेशंटकडून उसळून येणारे किरण त्या चकतीवर अडतात आणि तिच्या मागे जी सावली पडते त्या सावलीत तू उभी राहायचं. अमेरिकेत युटाच्या एका कंपनीचं असं मशीन २००५ मध्ये तिथल्या एफडीएनं (औषधं आणि वैद्यकीय उपकरणं तपासणारी सरकारी संस्था) मान्य केलं, आणि ती मशीनं वापरणाऱ्या स्टाफच्या अंगावर रेडिएशन मोजणारे बॅज लावून नंतर मोजमाप झालं तर वर्षाचा डोस एक मिलिसिव्हर्टच्या बराच खाली आला. आपल्याकडे रेडिएशनमध्ये काम करणाऱ्याची मर्यादा पाच वर्षांच्या सरासरीनं वर्षाला २० मिलिसिव्हर्ट आहे आणि सर्वसामान्य माणसाची १. तर मशीन चांगलं, चकती जागेवर, धरणारा शिकलेला असेल तर हातातलं मशीन म्हणजे काही यमदूत नाही, हे मी मनापासून मानते.

पण तुझ्या पत्रात मला खटकलेली गोष्ट वेगळीच आहे: "ऑनलाइन मागवलंय, स्वस्तात पडलं".

२०१२ साली दोन ठिकाणी याच्यावरून गडबड झाली. फेब्रुवारीत अमेरिकेच्या एफडीएनं इशारा काढला की परदेशातून थेट ऑनलाइन विकली जाणारी काही हातातली डेंटल एक्स-रे मशीनं आम्ही तपासलेली नाहीत, ती पेशंटला आणि वापरणाऱ्याला गरजेपेक्षा जास्त रेडिएशन देऊ शकतात, वापरू नका. त्याच वर्षाच्या शेवटी इंग्लंडमध्ये इंटरनेटवर मिळणारं असंच एक स्वस्त मशीन लंडनच्या किंग्ज कॉलेज हॉस्पिटलमध्ये तपासलं तेव्हा आत शिशाचं कवच पुरेसं नाही असं निघालं आणि तिथल्या सरकारी यंत्रणेनं जाहीर इशारा दिला. बाहेरून दोन्ही सारखीच दिसतात गं. बटण दाबलं की दोन्हीत दाताचा फोटो येतो, उलट स्वस्तातल्याचा जास्त काळापांढरा, छान येऊ शकतो. फोटो चांगला आला म्हणजे मशीन चांगलं, हा जो समज आहे ना तिथेच सगळे फसतात, कारण फोटो पुढच्या किरणांचा असतो आणि तुझ्या हातावर जे झिरपतं त्याचा फोटो कुठेच निघत नाही.

म्हणून तू उद्या क्लिनिकमध्ये गेलीस की मशीन हातात घेऊन आधी बघ. कंपनीचं नाव, मॉडेल, सिरियल नंबर लिहिलेली पक्की चिकटवलेली पाटी आहे का, की नुसतंच चमकदार स्टिकर? कोनवर चकती आहे का? नसेल तर ती आलीच नव्हती, की "मध्ये येते" म्हणून काढून कपाटात टाकली? (हे फार ठिकाणी होतं. पेशंटच्या तोंडात फोटो टिपणारा सेन्सर असतो, त्याच्या होल्डरला आपटते म्हणून काढतात आणि मग ती कायमची काढलेलीच राहते.) मग ते मॉडेल एईआरबीनं मान्य केलेलं आहे का ते बघायचं. एईआरबी म्हणजे अणुऊर्जा नियामक मंडळ, मुंबईत अणुशक्तीनगरला ऑफिस आहे, देशातलं प्रत्येक एक्स-रे मशीन, मग ते सीटी स्कॅन असो नाहीतर दाताचं, त्यांच्या अखत्यारीत येतं. त्यांच्या ई-लोरा पोर्टलवर दवाखान्याला मशीनची नोंदणी करावी लागते, आणि जुनं मशीन जाऊन नवीन आलं की जुन्याचा कागद नव्याला चालत नाही. मान्यता कुठल्या अटींवर दिलीय तेपण वाचायचं, हातात धरून वापरायला की स्टँडवर लावून, कारण मशीन मान्य असणं आणि तुम्ही ज्या पद्धतीनं वापरताय ती मान्य असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्याशिवाय दर दोन वर्षांनी क्यूए टेस्ट, म्हणजे मशीनच्या दर्जाची तपासणी, करून घ्यायची असते, त्यात झिरपणंसुद्धा मोजतात. हा एक रिपोर्ट हातात आला की तुझे निम्मे प्रश्न तिथेच मिटतात.

समजा मशीन कागदावर ठीक निघालं. तरी एक गोष्ट आहे जी ट्रेनिंगमध्ये कुणी सांगत नाही. वरच्या दाढेचा एक्स-रे काढताना तू काय करतेस ते आठव. पेशंट खुर्चीत आडवा, आरसीटी अर्धी झालेली, रबर डॅम लावलेला, फाइल (मूळ साफ करायची बारीक सुई) दातात, सर म्हणतात पटकन एक काढ. तू बाजूला उभी राहतेस आणि कोन गालाला लागावा म्हणून मशीन वरून खाली तिरकं करतेस, मनगट वाकतं, कोपर बाहेर येतं. आता बघ, चकती मशीनबरोबर तिरकी झाली, तिची सावली तिरकी झाली आणि तुझं डोकं नाहीतर पोट त्या सावलीच्या बाहेर आलं. चकती आहे पण तुझ्या कामाची नाही. ती सावली मशीन आडवं, सरळ धरलं आणि तू बरोब्बर त्याच्या मागे असलीस तरच पूर्ण मिळते. म्हणून खरं तर मशीन तिरकं करायचंच नाही, पेशंटला तिरकं करायचं. खुर्ची उठव, त्याला हनुवटी खाली घ्यायला सांग, मान वळवायला सांग, आणि चकती पेशंटच्या चेहऱ्याच्या जितकी जवळ नेता येईल तितकी ने, दूर ठेवलीस की तिच्या कडेनं किरण निसटतात. अर्धा मिनिट जास्त जातो. सरांना घाई असेल तर असू दे.

आणि हात हलतो. या मशीनमधला करंट भिंतीवरच्यापेक्षा कमी, दोनेक मिलिअँपिअर, भिंतीवरच्यात सात-आठ असतो, म्हणून तितकाच फोटो यायला जास्त वेळ बटण धरावं लागतं. दिवसभर मशीन उचलून संध्याकाळी सातच्या पेशंटला तुझा हात स्थिर राहत नाही, फोटो हलतो, मूळ कुठे संपतं ते दिसत नाही आणि सर म्हणतात परत काढ. परत काढलेला प्रत्येक एक्स-रे हा पेशंटला फुकटचा आणि तुलाही फुकटचा. तिथे मशीन काय स्वस्तात पडलं सांग मला.

यावर सोपा उपाय आहे आणि तो तुझ्या सरांच्या खिशाला झेपेल: मशीन स्टँडवर लावायचं आणि कंपनीचं वायरचं किंवा रिमोटचं बटण घेऊन मागे सरायचं. ज्या क्षणी तू मशीन हातातून सोडलंस त्या क्षणी ते परत भिंतीवरच्या मशीनसारखं झालं, चार पावलं परत मिळाली. पेशंटच्या तोंडातला सेन्सर होल्डरमध्येच लावायचा, कुणाच्याही बोटानं धरायचा नाही, तुझ्या तर नाहीच नाही. आपल्या धंद्यात हे रक्त सांडून शिकलेत लोक. न्यू ऑर्लिन्सचे डॉ. एडमंड केल्स, दातांच्या एक्स-रेचे सुरुवातीचे मोठे जाणकार, मशीन नीट लागलंय का बघायला दरवेळी स्वतःचा हात किरणांत धरायचे. एकेक करत बोटं गेली, मग हात गेला. तेव्हाची मशीनं आजच्यापेक्षा कैकपट घातक होती हे खरं, पण "माझा हात मध्ये आला तर काय होतंय" ही सवय अजून तीच आहे.

मग हे मशीन बनवलं तरी कशाला, असं तू विचारशील. बनवलं ते जिथे पेशंट खुर्चीपर्यंत येऊच शकत नाही तिथे न्यायला. पॅरालिसिस होऊन अंथरुणाला खिळलेले आजोबा, ज्यांची दाढ ठणकतेय आणि चौघांनी उचलून रिक्षात घालणं शक्य नाही. ऑपरेशन थिएटरमध्ये भूल दिलेलं मतिमंद मूल. लष्कराचा दूरवरचा तळ. अमेरिकेत २००५ च्या कत्रीना वादळानंतर दातांवरून मृतांची ओळख पटवायला तात्पुरत्या शवागारात हीच मशीनं वापरली. युरोपातल्या देशांच्या रेडिएशन नियामकांनी मिळून २०१४ मध्ये जी भूमिका मांडली ती हीच: अशा अडचणीच्या जागी वापरा, एरवी क्लिनिकमध्ये रोजच्याला नको. अमेरिकेत मात्र मान्यता असलेलं मशीन क्लिनिकमध्येही चालतं. म्हणजे शहाण्या लोकांतही यावर एकमत नाही. माझं मत विचारशील तर मी युरोपवाल्यांच्या बाजूची. ज्या खोलीला भिंत आहे, प्लग आहे आणि मागे सरायला जागा आहे तिथे माणसाच्या हातात एक्स-रे मशीन द्यायचं काही कारण मला सापडत नाही, सोय सोडून. आणि सोय कुणाची? सरांना खुर्चीवरून उठावं लागत नाही त्याची. गावाकडच्या कॅम्पला, आश्रमशाळेत, वृद्धाश्रमात न्या की, तिथे त्याच्यासारखं दुसरं काही नाही, तिथे मीच म्हणेन घेऊन जा.

आता एप्रनचं. सरांनी बातमी वाचली ती खरी आहे. अमेरिकन डेंटल असोसिएशननं २०२४ च्या सुरुवातीला सांगितलं की दातांच्या एक्स-रेला पेशंटला लेड एप्रन आणि थायरॉईड कॉलर घालायची आता गरज नाही. पण ते पेशंटबद्दल आहे! आणि त्याचं कारण असं की आता सेन्सर डिजिटल आहेत, किरणांचा झोत हवा तेवढाच छोटा करता येतो, एप्रन मध्ये आला तर फोटो बिघडतो आणि परत काढावा लागतो. यातलं एकही कारण मशीन हातात धरून अर्ध्या मीटरवर उभ्या असलेल्या मुलीला लागू होत नाही, आणि त्यातलं पहिलं गृहीतच असं की मशीन नियमात बसणारं आहे. उलट माझं म्हणणं असं की एप्रन एकच असेल आणि मशीन तुझ्या हातात असेल तर तो आधी तू घाल. पेशंट काही म्हणाला तर सांग की तुम्ही आज एकदाच, मी दिवसभर.

बाळाबद्दल नीट सांगते, सासूबाईंनाही वाचून दाखव. आतापर्यंत जे एक्स-रे काढलेस त्यामुळे दिवस जायला अडचण येईल किंवा पुढे होणाऱ्या बाळात काही व्यंग येईल, ही भीती काढून टाक. तसं नुकसान ज्या डोसला होतं त्याच्या जवळपासही हे उसळलेले किरण जात नाहीत, आणि ते अंगात साठूनही राहत नाहीत की बाई अमुक महिने थांबा. नोकरी सोडायची गरज नाही. पण दिवस गेल्याचं कळलं की त्याच दिवशी सरांना सांगायचं, लाजायचं नाही, तीन महिने कुणाला सांगू नये वगैरे इथे चालत नाही. कारण एकदा ते कळवलं की पोटातल्या बाळासाठी उरलेल्या काळाची मर्यादा एक मिलिसिव्हर्ट धरतात, आणि ती पाळायची जबाबदारी क्लिनिकच्या मालकावर येते. मशीन स्टँडवर असेल आणि तू दोन मीटर मागे असशील तर ती मर्यादा गाठणंही अवघड आहे, तोपर्यंत काम करू शकतेस. हातात धरून मात्र त्या दिवसांत एकही नाही, आणि ज्या मशीनचा ठावठिकाणा माहीत नाही ते तर आजपासूनच हातात नको, बाळ असो नसो.

सरांशी बोलायचं कसं? "मला भीती वाटते" म्हणालीस तर ते हसून "अगं काही होत नाही" म्हणतील, विषय संपला. त्यापेक्षा साधेपणानं विचार की सर, नवीन मशीनची ई-लोरावर नोंदणी झालीय ना, आणि क्यूए कुणाकडून करायची, मी फोन लावू का? बहुतेक डॉक्टर वाईट नसतात गं, कुणीतरी व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो टाकला, भाव बघितला आणि घेतलं, पुढचं डोक्यात आलंच नाही. पण तपासणी झाली तर नाव त्यांचं लागणार, तुझं नाही, हे त्यांना तुझ्यापेक्षा लवकर समजतं. स्टँड मागव, दुसरा एप्रन मागव, आणि जुन्या भिंतीवरच्या मशीनच्या दुरुस्तीचं कोटेशन खरंच किती आलं होतं तेपण विचार, कित्येकदा बिघाड नुसता वायरचा नाहीतर बटणाचा असतो. आणि अजून एक, मशीन चार्जिंगला लावलेलं असताना त्याचं लॉक लावलेलं असू दे. कॅमेऱ्यासारखं दिसतं म्हणतेस ना, मग रविवारी क्लिनिकमध्ये आलेलं सरांचं पोरगं ते उचलून बहिणीचा "फोटो" काढणारच.

राहिली मिस्टरांची रक्त तपासणी. पैसे घालवू नका. इतक्या छोट्या डोसनं सीबीसीत, म्हणजे रक्तपेशींच्या मोजणीत, काही फरक दिसत नाही, रिपोर्ट नॉर्मल आला तर खोटा धीर येईल आणि कुठल्यातरी सर्दी-तापामुळे पेशी वरखाली झाल्या तर घरभर घबराट. मोजायचंच असेल तर टीएलडी बॅज मागून घे, छातीवर लावायचा छोटा बिल्ला असतो, एप्रनच्या आत लावायचा, तीन महिने वापरायचा आणि मग तो लॅबला जातो आणि तुझ्या नावावर आकडा येतो. झालेलं तो सांगणार नाही, इथून पुढचं सांगेल. बॅजचा पहिला रिपोर्ट आला आणि त्यातलं काही समजलं नाही तर मशीनच्या पाटीच्या फोटोबरोबर मला पाठव, बघून सांगते.